क्षच्या आधीचा एक

फोन आला तेव्हा माझ्या मांडीवर नातीची बीजगणिताची वही होती. सकाळचे आठ वाजले असतील. मुरुमहून, माझ्या माहेराहून, भाचा बोलत होता. "आत्या, आई गेली... पहाटं, झोपेतच." मी "बरं" म्हणाले. आता सांगताना लाज वाटते, पण खरंच "बरं" एवढंच म्हणाले आणि फोन ठेवून पुन्हा वहीत बघत बसले. नातीनं लिहिलं होतं, तीन क्ष वजा क्ष बरोबर तीन. मी लाल पेन उचललं, दुसऱ्या क्षच्या आधी ठसठशीत एक काढला, आणि मग मला जे रडू फुटलं ते काही केल्या थांबेना. नात बिचारी घाबरली. तिला वाटलं, आजी आपल्या चुकलेल्या गणितापायी रडतेय. तसं ते अगदीच खोटं नव्हतं...

गेली ती माझी वैनी, नीलम्मा. माझ्या थोरल्या भावाची, अण्णांची बायको. पेपरात कुणाबद्दल लिहायचं म्हणजे त्याच्या नावामागं काहीतरी लागतं, पदवी म्हणा, खुर्ची म्हणा, निदान एखादा सत्कार तरी. वैनीच्या नावामागं काहीसुद्धा नव्हतं. मॅट्रिकच्या अलीकडंच तिची शाळा सुटली. पण अण्णांनी आयुष्यभर जे गणित शिकवलं, आणि त्यांच्या पाठोपाठ मी शिकवलं, ते सगळं या बाईनं आमच्या घरातल्या एका दारावर शिकवलेलं होतं. हे मुरुमात आजही कुणाला ठाऊक नाही. तेच सांगायला बसलेय. उशीर झालाय, मला कळतं.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमच्या घरी चुलीपाशी कानडी, बाजारात मराठी आणि शाळेत उर्दू असा प्रकार होता. भूगोल उर्दूत, इतिहास उर्दूत, बीजगणितही उर्दूतच. त्या पुस्तकांत क्षच्या जागी दुसरं अक्षर असायचं, पण मी इथं क्षच म्हणते, नाहीतर तुमचाही गोंधळ उडेल. अण्णा हुशार होते हो. हस्ताक्षर असं की मौलवीसाहेब त्यांची वही वर्गात फिरवायचे. पण मॅट्रिकला ते दोनदा नापास झाले, दोन्ही वेळा गणितात. पहिल्यांदा झाले तेव्हा अव्वा, म्हणजे आमची आई, म्हणाली की पोरगं अजून लहान आहे. दुसऱ्यांदा झाले तेव्हा घरात नवी सून आली होती. मग काय, कारण आयतंच सापडलं.

वैनीचे वडील हैदराबादेत कचेरीत कारकून होते, त्यामुळं तिला तिकडच्या मुलींच्या शाळेत शिकायला मिळालं. सोळा-सतरा वर्षांची, सावळी, अंगानं बारीक. मराठी बोलायची ती अर्धी दख्खनी मिसळून, आणि आम्ही पोरं तिला चिडवायचो. अव्वाला मात्र तिचं शिक्षण पहिल्या दिवसापासून खुपलं. "शिकलेली सून आणली आन् लेक नापास झाला," हे तिनं आल्या-गेल्या प्रत्येक बाईला ऐकवलं. आप्पा, म्हणजे वडील, अबोल माणूस. कापडाचं दुकान आणि शंकराची पूजा, एवढंच त्यांचं जग. त्यांनी एक दिवस जेवता जेवता सांगून टाकलं, "हे शेवटचं. औंदा पास झाला न्हाय तर शाळा बंद, दुकानात बसायचं." त्यावर अव्वानं पुढचं वाक्य जोडलं. "आन् हिला हिच्या बापाकडं नेऊन घाला. पायगुण चांगला न्हाय पोरीचा." वैनी तेव्हा चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. मी बघत होते ना... भाकरी तेवढी एका बाजूला पातळ झाली.

वैनीनं आणलेली पत्र्याची ट्रंक माजघराच्या कोपऱ्यात होती. बाकीच्या सुना आल्या की लुगडी फडताळात लावतात. हिनं ट्रंक उघडायची, एक लुगडं काढायचं आणि परत कडी लावायची. मी विचारलं, "वैनी, फडताळ रिकामंच हाय की." तर म्हणाली, "निकाल लागू दे. परत भरायची मेहनत कायकू?" मी अकरा वर्षांची होते. मला त्या बोलण्याचा अर्थ कळला, आणि तोवर मला ती फार आवडायला लागली होती.

आता तुम्ही म्हणाल, बायकोला गणित येत होतं तर तिनं सरळ नवऱ्याला शिकवायचं. कसं शिकवणार? सासू-सासऱ्यांच्या देखत सुनेनं नवऱ्याशी बोलायचं नाही, अशी रीत. आणि परीक्षा होईस्तोवर आप्पांनी अण्णांचं अंथरूण बाहेरच्या सोप्यात, आपल्या शेजारी लावलेलं. वैनी आत माजघरात, अव्वाच्या आणि माझ्या मधे. महिनोन्‌महिने त्या दोघांचा एकमेकांशी एक शब्द नाही. अण्णांचं नेमकं काय चुकतं हे तिला कळणार तरी कुठून? ते कळलं अव्वामुळंच, हीच तर गंमत. आमच्याकडं जुने कागद भिजत घालून, मेथ्या घालून कुटायचे आणि त्या लगद्याच्या टोपल्या करायच्या. अव्वानं अण्णांच्या जुन्या वह्या वैनीपुढं टाकल्या आणि सांगितलं, "फाड अन् भिजव." वैनी फाडायला बसली ती तशीच बसून राहिली. पानं उलटतेय, उलटतेय... मग मला जवळ ओढून हळूच म्हणाली, "गौरा, बघ. तुझ्या भावाला सगळं येतंय. एकच चूक हाय, दर पानावर तीच." दोन वह्या तिनं पदराखाली लपवल्या. बाकीच्यांची टोपली झाली आणि त्यात आम्ही पुढं कित्येक वर्षं लसूण ठेवला.

चूक काय होती, तर पाच क्ष वजा क्ष बरोबर पाच. माझ्या नातीनं केली तीच. अक्षराच्या आधी जो आकडा उभा असतो त्याला आज पुस्तकात सहगुणक म्हणतात. ते अक्षर किती वेळा घ्यायचं हे तो सांगतो. पाच क्ष म्हणजे क्ष पाच वेळा. आणि नुसता क्ष असेल तर त्याच्या आधी एक असतो, पण तो लिहायची पद्धत नाही. अण्णांना तो न लिहिलेला एक दिसतच नव्हता. पाच क्षमधून क्ष उचलला की त्यांच्या लेखी उरायचे पाच. पहिल्या ओळीतच घोळ, मग पुढचं सगळं समीकरण वाहून जायचं.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी वैनी मला शिकवायला बसली. अव्वाला सांगितलं, गौराला आकडे शिकवते. अव्वा म्हणाली, "शिकव बाई, तेवढीच पोरगी घरात बसंल," आणि भिंतीकडं तोंड करून पडली. आप्पा दुकानात. दाराच्या पलीकडं सोप्यात अण्णा पुस्तक उघडून पाठमोरे बसलेले. वैनी मला सांगायची, "जोरात बोल. भिंतीला ऐकू यायला पाहिजे." मी म्हणायची, "भिंतीला कशाला गं शिकवतीस?" तर हसायची. पहिले दोन दिवस अण्णा ताडकन उठून बाहेर निघून गेले. बायकोकडनं शिकायचं म्हणजे मोठाच अपमान की नाही! तिसऱ्या दिवशी बसले. चवथ्या दिवशी वैनीला ते दार सापडलं.

सोपा आणि माजघर यांच्या मधलं ते दोन फळ्यांचं सागवानी दार आतल्या बाजूला, माजघरात उघडायचं. दार उघडं असलं की सोप्याकडची बाजू आमच्या हाताशी येई. वैनी त्यावर खडूनं गणित लिहायची आणि दार लोटून घ्यायची. झालं, फळा अण्णांसमोर! ते तिकडं उत्तर लिहायचे आणि फळीवर एक टिचकी मारायचे. मी दार उघडायची. उत्तर आत यायचं. वैनी चूक असेल तिथं फक्त एक गोल काढायची आणि दार पुन्हा लोटायची. अव्वा घोरतेय, दार उघडतंय, लागतंय... जागी झालीच तर म्हणायची, "वारं लई सुटलंय गं आज." वैनी तोंडात पदर कोंबायची. एकमेकांकडं न बघता, न बोलता त्या दोघांचा संसार त्या दारावर सुरू झाला, असं मला आता वाटतं.

पण तो एक काही केल्या अण्णांच्या डोक्यात शिरेना. वैनीनं मला बांगड्या मांडायला लावल्या, चिंचोके मांडायला लावले. पाच चिंचोके, एक उचलला, चार उरले. हे तर कुणालाही कळतं. अण्णा एकदा चिडून दाराआडून मला, म्हणजे मला नव्हेच, म्हणाले, "गौरा, चिंचोका दिसतो गं. क्षच्या आधी काय दिसतंय? पुस्तकात लिवलंच न्हाय तर म्या कुठनं आणू?" खरं सांगू का, पुढं इतकी वर्षं शिकवताना मला एवढा प्रामाणिक प्रश्न फार कमी पोरांनी विचारला. त्या दिवशी तिनं दार पुसून टाकलं आणि ट्रंकेला टेकून नुसती बसून राहिली. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

उत्तर दिलं ते अव्वानं, आणि तिला मरेपर्यंत ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मठात द्यायची ज्वारी मोजायला ती माजघरात बसली. आमच्याकडं धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. तुमच्याकडंही म्हणत असतील. अव्वा मोजत होती, "लाभ... दोन... तीन... चार... पाच." पोत्याचं तोंड आवळून म्हणाली, "पाच मापं झाली गं." वैनी दारात उभी होती. तिचे डोळे असे चमकले की मला अजून दिसतात. माझा हात धरून तिनं मोठ्यांदा विचारलं, "गौरा, आत्याबाईंनी एक म्हटलं?" मी म्हणाले, "न्हाय." "मग पोत्यात किती पडली?" "पाच." "म्हटला न्हाय तो एक कुठं गेला?" मी म्हणाले, "कुठं जातोय? पोत्यातच हाय की!" अव्वा वैतागली, "काय गं ह्या पोरीच्या डोक्यात भरवतीस!" आणि पलीकडं सोप्यात अण्णा खदाखदा हसले. पहिल्यांदा. थोड्या वेळानं दारावर टिचकी वाजली. मी दार उघडलं. फळीवर लिहिलं होतं, पाच क्ष वजा क्ष बरोबर चार क्ष. आणि एकट्या क्षच्या आधी अण्णांनी एक काढला होता, बोटाएवढा मोठा.

त्यानंतर वैनीनं नियमच केला. परीक्षा होईस्तोवर प्रत्येक नुसत्या क्षच्या आधी एक लिहायचाच, पुस्तक काही म्हणो. आठवडाभर सगळं सुरळीत चाललं आणि मग एके दुपारी आप्पा अवेळी घरी आले. दार लागलेलं, त्यावर वरपासून खालपर्यंत गणित आणि समोर खडू हातात घेऊन अण्णा. "हे कुणाचं अक्षर?" आप्पांचा आवाज आत वैनीला ऐकू आला. सुनेनं दारावर लिहून नवऱ्याशी बोलायचं म्हणजे त्या काळात केवढा आगाऊपणा! तिला निकालाच्या आधीच माहेरी पाठवलं असतं. मी पुढं-मागं न बघता दार आत ओढलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "आप्पा, म्या लिवलं." आप्पांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तू? मग सांग, ह्या अक्षराच्या आधी हा एक कशाला?" मला हो काय, पाठ होतं सगळं. मी ज्वारीच्या मापासकट घडाघडा सांगितलं. आप्पा अण्णांकडं वळून म्हणाले, "ह्या पोरीला कळतंय, अन् तुला कळत न्हाय व्हय रे?" अण्णांनी मान खाली घातली. वैनी वाचली. मला मात्र पुढच्या वर्षी आप्पांनी आपण होऊन शाळेत घातलं, ते निव्वळ त्या खोट्यामुळं. माझी सगळी नोकरी, पेन्शन, हे दोन खोल्यांचं घर त्या एका थापेवर उभं आहे, आणि ती थाप वैनीच्या अक्षरात होती.

अण्णा परीक्षेला धाराशिवला गेले. परत आले तेव्हा अव्वा विचारतेय, कसा गेला पेपर, तर हे धड उत्तर देईनात. सरळ दारापाशी गेले, कोनाड्यातला खडू घेतला, फळीवर नुसता एक लिहिला आणि पाय धुवायला गेले. वैनीनं आतून दार उघडून ते बघितलं. पदरानं पुसून टाकलं आणि भाकरी करायला बसली. निकाल आला त्या दिवशी अव्वानं मठात नारळ फोडला, जंगमांना जेवू घातलं, पास झाल्याचं सगळं श्रेय शंकराला दिलं. सून तिच्या लेखी आता चांगल्या पायगुणाची झाली. वैनीनं त्या दुपारी ट्रंक उघडली आणि लुगडी एकेक करून फडताळात लावली. मी घड्या करून देत होते. दोघीही रडत होतो आणि अव्वा ओरडत होती, "पास झाल्यावर रडताय कशापायी गं?"

पुढं राज्य बदललं, शाळा मराठी झाल्या. अण्णा मास्तर झाले, गणिताचेच, काय म्हणायचं आता! उर्दूत शिकलेलं सगळं त्यांनी मराठीत आणलं आणि सहगुणक शिकवावा तर त्यांनीच, असं नाव झालं. "एक लिहा रे, दिसत न्हाय म्हणून सोडू नका," हे त्यांचं वाक्य पोरं त्यांच्या माघारी नक्कल करून म्हणायची. ते निवृत्त झाले तेव्हा गावानं सत्कार केला. अण्णांनी भाषणात आप्पांचे आभार मानले, मौलवीसाहेबांचे मानले, शाळेच्या शिपायाचेसुद्धा मानले. दुसऱ्या रांगेत वैनी बसली होती, निळं इरकली लुगडं नेसून. तिचं नाव नाही. माझं डोकं असं भणाणलं की विचारू नका. घरी आल्या आल्या मी तोंड सोडलं. "अण्णा, शिपायाचं नाव घेतलंत, मग हिचं घ्यायला जीभ झडली असती का तुमची?" अण्णा शाल घडी करत राहिले. वैनीच मधे पडली. "गौरा, गप. एक कुठं लिहितात?" आणि हसली. मी म्हणाले, "पुस्तकात लिहीत नसतील. घरात तरी लिहा!" आणि न जेवता निघून आले. त्यानंतर बरीच वर्षं अण्णांशी मी कामापुरतंच बोलले. वैनीशी मात्र अखंड. ती पुढं नातवंडांनाही त्याच दारावर शिकवायची, फक्त आता दार लोटावं लागत नव्हतं. तिच्याएवढी शांत शिकवणारी बाई मी पाहिली नाही. पोरगं चुकलं तर ओरडायची नाही, फक्त गोल काढायची आणि थांबायची. मला ते आयुष्यभर जमलं नाही. मी ओरडायची.

मागच्या आठवड्यात वैनीला महिना झाला म्हणून मुरुमला गेले. घर आता स्लॅबचं झालंय, पण ते दार तेवढं भाच्यानं राखलंय. रंग दिलाय वर, तपकिरी. माजघरात मठात द्यायची ज्वारी मोजायची होती. अव्वाच्या मागं हे काम कायम वैनीचं. सूनबाई माप घेऊन बसत होती, तोच अण्णा काठी टेकत आले आणि म्हणाले, "आण इकडं. मी मोजतो." वय झालंय, हात थरथरतात. पहिलं माप भरलं, पोत्यात ओतलं आणि सवयीनं "लाभ" म्हणाले. मग थांबले. दाराकडं बघत होते. मला वाटलं, मोजणी विसरले. त्यांनी पोत्यात हात घातला, ओतलेली ज्वारी ओंजळीओंजळीनं पुन्हा मापात भरली आणि माप छातीशी धरून मोठ्यांदा म्हणाले, "एक." सूनबाई गडबडली. "मामा, लाभ म्हणा की. एक म्हणत न्हाईत." "ठाऊक हाय मला," अण्णा म्हणाले. "पर ह्या घरातला एक तुझी सासू होती. तिनंच मला शिकवलं, ह्या दारावर. गौराला विचार. साठ वर्षं म्या कुणाला बोललो न्हाय." मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि मापाखाली हात धरला. अण्णांनी ज्वारी ओतली.

"एक," ते पुन्हा म्हणाले. "घे गौरा, आता तू म्हण."

"दोन," मी म्हणाले.